खुंटी मापते, टेप नाही : फिंगर जॉइंटसाठी घरगुती जिग

फिंगर जॉइंट म्हणजे दोन फळ्यांचे दाते एकमेकांत अडकवून केलेला कोपऱ्याचा जोड. त्याची माझी पहिली पेटी मी टेप, पेन्सिल आणि गुण्या घेऊन आखली होती. सागाच्या १२ मिमी फळ्या, ६ मिमीचे १७ दाते, म्हणजे पेटीची उंची १०२ मिमी. आखणी सुरेख दिसत होती. कापून झाल्यावर पहिले चार दाते बसले, पाचव्याला हातोडी लागली आणि नवव्यापाशी फळी चिरली. हिशोब नंतर सुचला. पेन्सिलीची रेघच पाव मिमी जाड. दर दात्याला तेवढी चूक एकाच अंगाला होत गेली, तर सतराव्या दात्यापर्यंत ती चार मिमीच्या वर जाते. आणि या जोडाला दशांश मिमीची चूकही चालत नाही.

आमच्या भागातल्या सुतारकाकांनी ती चिरलेली फळी उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "मोजलंत ना? तिथंच चुकलं. एक दाता पाडायचा, दुसरा पहिल्याला विचारून पाडायचा."

पुढे जो जिग, म्हणजे प्रत्येक काप ठरल्या जागी पाडून देणारा साचा, बनवला तो असाच चालतो. एक खाच कापायची, ती एका खुंटीवर अडकवायची, पुढची खाच कापायची. प्रत्येक नवी खाच आधीच्या खाचेवरून ठरते. टेप फक्त जिगचे तुकडे कापताना लागतो, जोड कापताना खिशातच राहतो.

फिंगर जॉइंटचे हे जिग बहुतेक टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल करवतीवर), जाड खाच पाडणाऱ्या पात्यांच्या संचावर केलेले दिसतात. आपल्याकडे फ्लॅटच्या गॅलरीत काम करणाऱ्याकडे टेबल सॉ क्वचितच असतो. छोटा एकहाती राउटर (फिरत्या पात्यानं लाकडात खाच पाडणारं मशीन), दुकानदार ज्याला ट्रिमर म्हणतात, तो मात्र बऱ्याच जणांकडे असतो. म्हणून इथला जिग ट्रिमर टेबलाखाली उलटा टांगून वापरायचा आहे.

आधी थोडं गणित

या जिगमध्ये तीनच मापं महत्त्वाची. बिट, म्हणजे राउटरचं फिरणारं पातं, जेवढी रुंद खाच पाडतं ती रुंदी, खुंटीची रुंदी, आणि बिट व खुंटी यांच्यामधलं अंतर. तिन्ही सारखी असली की काम झालं.

खाच बिटाच्या रुंदीची पडते आणि दाता मधल्या अंतराएवढा उरतो. अंतर खाचेपेक्षा जास्त असेल तर दाते जाड होतात, जोड घट्ट बसतो किंवा बसतच नाही. अंतर कमी असेल तर दाते बारीक, जोड ढिला. एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढे जिग जुळवताना गोंधळ होत नाही: घट्ट बसतोय तर खुंटी बिटाजवळ, सैल बसतोय तर खुंटी लांब.

बिटावर ६ मिमी छापलेलं असतं आणि ते प्रत्यक्षात ६.१ची खाच पाडतं, असं होऊ शकतं. त्याची चिंता नको. आपण छापील आकड्यावरून काहीच कापणार नाही. खुंटी त्याच बिटानं पाडलेल्या खाचेत बसवून घडवणार आहोत.

सामान

प्लाय: १८ मिमी, १२ मिमी आणि ६ मिमी, प्रत्येकी छोटे तुकडे. ८ बाय ४ची शीट घेऊ नका, प्लायच्या दुकानात कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग असतो तिथे हे सगळं निघतं. तुकडा डोळ्यासमोर आडवा धरून पाहा, धनुष्यासारखा वाकलेला असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. सनमायकाचा एक तुकडा. सागाची किंवा बाभळीची दीडशे मिमी लांब पट्टी. एम६चे बोल्ट, नट, वॉशर. फेव्हिकॉल, जिप्समचे काळे स्क्रू.

बिट कार्बाइडचंच घ्या. सागात सिलिका असते, साध्या पोलादाची धार ती बघता बघता खाऊन टाकते.

बिटाच्या दांड्याकडे मात्र नीट बघा. आपल्या बाजारात ६ मिमी आणि ६.३५ मिमी, म्हणजे दोन सूत, असे दोन्ही दांडे शेजारीशेजारी विकले जातात, आणि दुकानदार दोन्हींना "सहाचं" म्हणतो. ६.३५च्या कॉलेटमध्ये, म्हणजे दांडा धरणाऱ्या पकडीत, ६चा दांडा आवळला जातोय असं वाटतं, पण चालू मशीनमध्ये तो सरकत वर येतो. व्हर्नियर लावून दोन्ही मोजा. जुळत नसतील तर योग्य कॉलेट आणा, दांड्याला टेप गुंडाळून वगैरे भागवू नका.

टेबल

ट्रिमरचं बिट लांबीला तोकडं असतं, साधारण ५० मिमी. त्यातलं निम्म्याच्या आसपास कॉलेटमध्ये जातं. वर १८ मिमीचं टेबल ठेवलं तर बिट जेमतेम डोकं बाहेर काढेल. म्हणून टेबल दोन थरांचं करायचं.

खालचा थर १२ मिमी प्लायचा, ६०० बाय ३००. ट्रिमरचा खालचा प्लास्टिकचा तळवा स्क्रू काढून सोडवा, उरलेला धातूचा पाया प्लायच्या मधोमध ठेवून भोवती पेन्सिल फिरवा आणि तेवढं भोक जिगसॉनं कापा. हे भोक थोडं मोठं झालं तरी बिघडत नाही. त्यावर ६ मिमी प्लायचा अखंड थर फेव्हिकॉलनं चिकटवा, रात्रभर वजनाखाली ठेवा, मग वरून सनमायका. आता ट्रिमरचा पाया भोकात शिरून थेट वरच्या पातळ थराला खालून टेकतो आणि बिटाचे १२ मिमी वाचतात. काढलेला प्लास्टिकचा तळवा नमुना म्हणून ठेवून स्क्रूंची भोकं पाडा. स्क्रू त्याच आट्यांचे पण लांब लागतील, आणि त्यांची डोकी मायकाच्या खाली दडली पाहिजेत. मध्ये बिटासाठी १२ मिमीचं भोक.

यानंतर टेबलाच्या दोन्ही लांब कडा एकदम कापून घ्यायच्या. कापायची फळी बिटावरून नेणारी सरकती गाडी याच दोन कडांना धरून पळणार आहे, त्यामुळे त्या एकमेकींना समांतर हव्यात. घरी हातकरवतीनं हा प्रयोग करू नका. प्लायच्या दुकानातल्या मशीनवर दोन मिनिटांचं काम आहे. घरी आणल्यावर दोन्ही टोकांना आणि मधे रुंदी तपासा.

पाय म्हणून खाली दोन आडव्या फळ्या ठोका, पण कडांपासून ५० मिमी आत. नाहीतर गाडीच्या पट्ट्या पायांना अडतील. माझ्या पहिल्या टेबलाला अडल्या होत्या.

गाडी आणि पाठफळी

गाडी म्हणजे टेबलावर मागेपुढे सरकणारा भाग. १८ मिमी प्लायचा ३३६ बाय २०० मिमीचा तुकडा घ्या. त्याच्या खालून डाव्या-उजव्या कडांना १८ मिमी जाड, ३० मिमी उंच आणि ३०० मिमी लांब अशा दोन पट्ट्या लावायच्या. त्या टेबलाच्या कडांना मिठी मारतात. मागच्या कडेला त्या गाडीशी सारख्या ठेवा, पुढे १०० मिमी बाहेर राहू द्या. पट्टी लांब तितकी गाडी कमी डुलते.

पहिली पट्टी स्क्रूनं पक्की करा. दुसरी लावताना पट्टी आणि टेबलाची कड यांमध्ये झेरॉक्सच्या कागदाची एक घडी न घातलेली पट्टी सरकवा, क्लॅम्पनं दाबा, स्क्रू मारा, कागद ओढून काढा. हा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, गाडीला सरकायला तेवढी जागा पुरते. मग कडांवर मेणबत्ती घासा. गाडी एका बोटानं ढकलली की पळाली पाहिजे आणि आडवी हलवली तर हलता कामा नये. हलत असेल तर दुसरी पट्टी काढून पुन्हा लावा. इथे आळस केला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण गाडीचा डुलणारा प्रत्येक केसभर भाग दात्यांत उतरतो.

गाडीच्या पुढच्या कडेला पाठफळी उभी करायची: १८ मिमी प्लाय, ३३६ बाय १२० मिमी. तिची खालची कड टेबलाला घासू नये पण लोंबकळूही नये. मागून दोन त्रिकोणी ठोकळ्यांचा आधार द्या. गुण्या टेबलावर ठेवून पाठफळी तपासा, एका टोकाला, मधे, दुसऱ्या टोकाला. जिथे उजेड दिसेल तिथे त्रिकोणी ठोकळ्याच्या आणि पाठफळीच्या मधे कागदाचा तुकडा घालून सरळ करा.

कापायची फळी या गाडीवर नाही, पाठफळीच्या पुढ्यात थेट टेबलावर उभी राहते. गाडीचा तळ मध्ये आला असता तर बिटाचे आणखी १८ मिमी खर्ची पडले असते.

सरकफळी

पाठफळीच्या पुढच्या अंगाला १२ मिमी प्लायची २६० बाय १२० मिमीची एक फळी येते. हिच्यात खुंटी बसते आणि ही डावी-उजवीकडे सरकवता येते, म्हणून मी हिला सरकफळी म्हणतो. पाठफळीत दोन आडवी लांबट भोकं पाडा, प्रत्येकी २५ मिमी लांब. सरकफळीतून एम६चे दोन बोल्ट मागे काढा, डोकी पुढून आत बुडवलेली, मागे वॉशर आणि नट.

पाठफळीच्या उजव्या टोकाला एक छोटा ठोकळा पक्का करा आणि त्यात नट रुतवून एम६चा एक बोल्ट आडवा बसवा, असा की त्याचं टोक सरकफळीच्या उजव्या कडेवर टेकेल. हा बोल्ट म्हणजे या जिगचा कान. एम६च्या आट्या १ मिमी अंतरानं असतात. बोल्ट एक पूर्ण फेरा फिरवला तर सरकफळी १ मिमी सरकते. बोल्टच्या डोक्यावर मार्करनं एक रेघ काढा आणि तिला घड्याळाचा मिनिटकाटा समजा. काटा पाच मिनिटं सरकला की सरकफळी ०.०८ मिमी सरकली. कुठल्याही टेपवर न दिसणारं माप असं हातात येतं.

बोल्ट उजवीकडेच का? टेबलाखाली टांगलेल्या राउटरचं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. आपण मागून गाडी पुढे ढकलतो, तेव्हा बिट लाकडाला उजवीकडे ओढतं. खुंटी बिटाच्या उजव्या बाजूला असली तर ही ओढ फळीला खुंटीवर दाबून धरते, आणि सरकफळीला बोल्टवर. खुंटी डावीकडे बसवली तर तीच ओढ फळीला खुंटीपासून सोडवत राहते.

खुंटी

बिट टेबलाच्या वर साडेपाच मिमी ठेवा. सरकफळी अगदी डावीकडे सरकवून नट आवळा. राउटर चालू करून गाडी पुढे ढकला आणि बिट सरकफळीत १० मिमी शिरेपर्यंतच जाऊ द्या. तिथेच थांबून, राउटर बंद करून, टेबलाच्या कडेला एक ठोकळा स्क्रूनं असा लावा की गाडीची पट्टी त्याला थटून थांबेल. हा ठोकळा कायमचा. त्यामुळे बिट सरकफळी भेदून मागे कधीच येत नाही, आणि आपले हात असतात पाठफळीच्या मागे.

ही झाली पहिली खाच. आता सागाची पट्टी रंध्यानं घासत घासत या खाचेच्या रुंदीची करायची. उंची ५ मिमी. रुंदी मात्र मोजून नाही, बसवून बघत. रंध्याचा एक हलका हात, बसते का पाहा, पुन्हा एक हात. शेवटी शेवटी रंधा बाजूला ठेवा, सपाट फळीवर पॉलिश पेपर चिकटवून पट्टी त्यावर घासा. अंगठ्यानं दाबल्यावर बसावी, सोडल्यावर हलू नये. माझ्या दोन पट्ट्या जास्त घासून वाया गेल्या, तिसरी जमली. म्हणून पट्टी लांब घ्या असं वर म्हटलं.

पट्टीचा ३२ मिमीचा तुकडा कापला की ती खुंटी. उरलेला तुकडा फेकू नका, त्याचं काम लगेच आहे. बिटानं पाडलेल्या खाचेचा आतला शेवट गोल असतो, तेव्हा खुंटीचं तेवढं टोक कानशीनं गोल करा. फेव्हिकॉल लावून खुंटी खाचेत वरच्या बाजूला दाबून बसवा, म्हणजे खाली टेबलापासून अर्धा मिमी सुटी राहते. बाहेर २२ मिमी आली की १२ मिमीच्या दोन फळ्या एकावर एक धरून एकदम कापता येतात. बाहेरच्या टोकाच्या कोपऱ्यांवर कानस फिरवा, खाच तिच्यावर चढवताना अडखळत नाही.

गोंद वाळल्यावर राउटरचा प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, हात बिटाजवळ जाणार आहे. उरलेला तुकडा बिट आणि खुंटीच्या मध्ये उभा धरा आणि सरकफळी सरकवत आणा. बिट हातानं फिरवून त्याची धार तुकड्याला किंचित खरवडेल अशी जागा शोधा. धार सगळ्यात बाहेर असते त्या स्थितीतच माप खरं, बिटाच्या खोबणीला टेकवून माप घेतलं तर चुकेल. नट आवळा, बाजूचा बोल्ट टेकवा.

चाचणी

ज्या लाकडाची पेटी करायची त्याच लाकडाचे, त्याच जाडीचे दोन टाकाऊ तुकडे घ्या. प्लायवर चाचणी घेऊन साग कापू नका, दोन्ही बिटाखाली वेगळे वागतात.

पहिला तुकडा, म्हणजे अ, उभा करून त्याची उजवी कड खुंटीला टेकवा. क्लॅम्पनं सरकफळीला धरा. गाडी ढकला, खाच पडली. गाडी मागे घ्या, खाच खुंटीवर चढवा, पुन्हा ढकला. अशा पाच-सहा.

दुसरा तुकडा, म्हणजे ब, याची सुरुवात दात्यानं नाही, खाचेनं व्हायला हवी. त्यासाठी अ तुकडा उलटा फिरवा, म्हणजे त्याची पहिली कड आता डावीकडे आली, आणि त्याची पहिली खाच खुंटीवर चढवा. अ चा पहिला दाता खुंटी आणि बिट यांमधली जागा बरोबर भरून टाकतो. ब ची कड अ च्या कडेला भिडवा, क्लॅम्प करा, कापा. मग अ काढून ठेवा, ब ची ही अर्धउघडी खाच खुंटीला टेकवा आणि पुढचे दाते नेहमीसारखे.

आता दोन्ही एकमेकांत बसवा. तळहातानं दाबून बसले पाहिजेत, हातोडी लागता कामा नये. बसवून वर उचलले तर खालचा गळून पडता कामा नये. नुसता सुका जोड अगदी चपखल बसला तर मी बोल्ट काट्याची पाच मिनिटं आणखी कसतो, कारण फेव्हिकॉलमधल्या पाण्यानं दाते फुगतात आणि अर्ध्यात अडकलेला गोंदाळ जोड हा सुतारकामातला एक नकोसा अनुभव आहे. बोल्ट कसला की खुंटी बिटाकडे जाते, जोड सैल होतो. घट्ट करायचा तर बोल्ट थोडा सोडून सरकफळी उजवीकडे रेटायची. दर वेळी नट ढिले, बोल्ट फिरवला, नट घट्ट, नवी चाचणी. मला तीन-चार फेऱ्या लागतात.

खरी फळी कापताना

चारही फळ्यांची तळाची कड पेन्सिलीनं खूण करून ठेवा. रुंदी पाहिजे त्यापेक्षा ५-६ मिमी जास्त. शेवटी वरचा अर्धवट दाता कापून टाकायचा असतो. आधीच नेमक्या मापाची फळी घेतली तर वर दात्याचं पापुद्र्यासारखं शकल उरतं आणि पेटी हास्यास्पद दिसते.

दोन लांब फळ्या अ, दोन आखूड ब. प्रत्येक जोडी एकावर एक धरून एकदम कापायची. नियम एकच: तळाची कड कायम खुंटीकडे. एक टोक झालं की फळी खालचं वर करून दुसरं टोक, पण पुन्हा तळाची कड उजवीकडे. एकदा बोलता बोलता मी एका जोडीचं दुसरं टोक वरच्या कडेपासून सुरू केलं. चारही कोपरे बसले, पण पेटी टेबलावर ठेवली तर एक पाय आखडलेल्या बकरीसारखी उभी.

६ मिमीच्या बिटानं १२ मिमी खोल खाच एका दमात काढू नका. बिट जेवढं जाड तेवढीच खोली एका वेळी, हा ढोबळ नियम. पहिली फेरी साडेसहा मिमीवर, चारही फळ्यांची. मग बिट वर करून दुसरी फेरी. खुंटी बुटकी ठेवली ती याचसाठी, साडेसहा मिमीची खाचही तिच्यावर पूर्ण बसते. दुसऱ्या फेरीची उंची फळीच्या जाडीपेक्षा पाव-अर्धा मिमी जास्त ठेवा. दाते किंचित बाहेर राहतात, नंतर घासून सपाट होतात. आत राहिले तर अख्खी फळी घासत बसावं लागतं. बिट वरखाली केल्यावर ट्रिमर किंचित तिरका बसू शकतो, तेव्हा दुसऱ्या फेरीआधी टाकाऊ तुकड्यावर एक खाच काढून जुनी आणि नवी भिंत एका रेषेत येते का ते बघा.

प्रत्येक खाचेनंतर जुन्या रंगाच्या ब्रशनं खुंटी आणि टेबल झाडा. कंटाळवाणं आहे, पण या जिगमध्ये चूक साठवणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे भुसा. खुंटीला चिकटलेला एक कण फळीला केसभर लांब ठेवतो, आणि पुढच्या सगळ्या खाचा तेवढ्या सरकतात. खुंटी थोडी जाड-बारीक असेल, तर चूक दोन्ही फळ्यांत सारखीच पडते आणि जोड तरीही बसतो. भुशाची चूक मात्र एकाच फळीत पडते.

डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे, नाकातोंडावर मास्क. सागाचा भुसा कित्येकांना शिंका आणि खाज आणतो. दोन्ही हात पाठफळीच्या मागे, फळी क्लॅम्पनं धरलेली. गाडी मागे घेतानाही क्लॅम्प सोडू नका.

एक गोष्ट मी पावसाळ्यात शिकलो. चारही फळ्या एकाच दिवशी कापा. साग शांत लाकूड आहे, तरी रुंदीत फुगतंच. १०२ मिमी रुंद फळी एक टक्का फुगली तरी मिमीभर वाढते. मे महिन्यात अ कापून ठेवल्या आणि जुलैत ब कापल्या, तर खालचे दाते जुळतात आणि वरचे एकमेकांकडे बघत बसतात.

बिघडलं तर

जोड एका बाजूला बंद आणि दुसऱ्या बाजूला उघडा दिसतोय: पाठफळी टेबलाला काटकोनात नाही. मागच्या त्रिकोणी ठोकळ्यापाशी कागद घाला. खाचेच्या तोंडाशी लाकूड उचकटतंय: फळी आणि सरकफळी यांत फट आहे, किंवा सरकफळीतली बिटाची खाच वापरून रुंद झाली आहे. नवी सरकफळी करायची, ती खर्चाची वस्तूच आहे. खाचेत काळे डाग: बिटाची धार गेली, किंवा तुम्ही गाडी फारच हळू ढकलताय.

चिकटवणं

आधी एकदा सुकं जोडून बघा, क्लॅम्पसकट. १२ मिमी जाड फळ्यांच्या, १७ दात्यांच्या कोपऱ्यात १६ चिकटणाऱ्या भिंती असतात, प्रत्येकी १२ बाय १२ मिमी. म्हणजे एका कोपऱ्याला २३ चौरस सेंटिमीटर, तेही रेषांच्या बाजूनं. नुसत्या कड-टोक जोडाला बाराच्या आसपास मिळतात आणि त्यातही टोकाचे रेषे गोंद पिऊन टाकतात. याचा अर्थ गोंद थापायची गरज नाही. छोट्या ब्रशनं फक्त खाचांच्या भिंतींना पातळ थर. स्वयंपाकघरात ठेवायची पेटी असेल तर पाणी सोसणारा मरीन फेव्हिकॉल. क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर पेटी काटकोनात आहे. इथे टेप खिशातून काढायला हरकत नाही.

पेटीला तळ बसवायचा तर खाचणी, म्हणजे तळाची कड शिरायची लांब खाच, काढताना बघून काढा. तळापासून ६ ते ९ मिमीमध्ये खाचणी घेतली, तर अ फळ्यांत ती आरपार गेली तरी ब चे दाते ती झाकतात. ब फळ्यांत मात्र आरपार गेलेली खाचणी दात्यातून बाहेर येते आणि कोपऱ्यावर चौकोनी भोक दिसतं. ब मध्ये ती टोकांच्या आधी थांबवा आणि कोपरा पटाशीनं चौरस करा.

जिग ठेवताना सरकफळीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा: कुठलं बिट, कुठलं लाकूड, कुठला महिना. शेवटची नीट बसलेली चाचणी जोडी सुतळीनं त्यालाच बांधा. पुढच्या वेळी जिग काढल्यावर आधी नवी अ खाच त्या जुन्या ब तुकड्यात बसवून बघायची.